वेढा कुणाभोवती?

2 सप्टेंबर 2025 रोजी कॅरिबियन समुद्रात एका बोटीवर अमेरिकी सैन्याने हल्ला केला. त्यात 11 जण ठार झाल्याचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केले. अमली पदार्थांच्या तस्करांना एकदा ‘दहशतवादी’ म्हटले की आरोपपत्र, खटला यांची गरज उरत नाही. आपल्याकडे गोष्टी त्या थराला गेलेल्या नाहीत. परंतु ‘नार्को-टेररिझम’ हा शब्द आपल्याही सरकारी भाषेत रुळला आहे, म्हणून पंजाबकडे पाहणे मला आवश्यक वाटते.

तिथल्या सीमेवर ड्रोन हेरॉइनची पाकिटे टाकतात, कधी सोबत पिस्तुलेही. तेवढ्यापुरता हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र 15 वरून 50 किलोमीटर करण्यात आले. मार्च 2025 पासून राज्य सरकारची ‘युद्ध नशियां विरुद्ध’ मोहीम सुरू आहे. तीत ‘कासो’ चालते, म्हणजे वस्तीला वेढा घालून घरोघरी झडती. ही पद्धत थेट दहशतवादविरोधी मोहिमांतली. तस्करीचा आरोप असलेल्यांच्या घरांवर बुलडोझरही फिरले. आरोपी आहे म्हणून घर पाडणे घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्येच बजावले होते.

दहशतवादी गटाची माणसे मोजकी असतात. म्होरक्या पडला की गट खिळखिळा होऊ शकतो. अमली पदार्थांचा मात्र बाजार असतो. एक विक्रेता उचलला की भाव चढतो आणि चढलेला भावच दुसऱ्याला बोलावून आणतो. शिवाय मोठा माल कुंपणावरूनच येतो असे नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात सुमारे 3000 किलो हेरॉइन सापडले, ते टाल्क म्हणून आयात केलेल्या कंटेनरांत. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते गोळी न झाडता पकडले.

वेढ्यात सापडतो तो बहुधा स्वतःच्या व्यसनापायी चार पुड्या विकणारा तरुण. तो रुग्ण की शत्रू? 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. पंजाबात 2017 पासून बाह्यरुग्ण केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनचे उपचारही मिळतात. पण रात्री ज्या गल्लीला वेढा पडला, तिथला तरुण सकाळी सरकारी केंद्रात जाऊन स्वतःचे नाव कसे नोंदवेल?