अकरा महिन्यांचे भाडे आणि वीस वर्षांचे कर्ज

शिरोळ हा नद्यांचा तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा यांच्या गाळाने पोसलेल्या या मुलखात संपत्ती म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे ऊस, हे समीकरण दोन पिढ्या अबाधित राहिले. आता ते ढळू लागले आहे. पाण्याच्या अतिवापराने कित्येक एकर रान क्षारपड झाले, वाटण्यांनी शेताचे तुकडे पडले, आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी उरलासुरला विश्वास हलवला. साहजिकच शिल्लक पैशाची वाट बदलली. ऊसबिलातून मागे राहिलेली रक्कम असो किंवा शिक्षकाच्या, कारकुनाच्या पगारातील शिल्लक असो, ती जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली वा कोल्हापूर येथील एखाद्या सदनिकेकडे वळते. स्वतः राहण्यासाठी नव्हे, भाड्याने देण्यासाठी. आणि पदरचे पैसे पुरत नाहीत म्हणून कर्ज काढले जाते. त्यामागची समजूत मोठी गोड आहे: हप्ते भाडेकरू भरील आणि वीस वर्षांनी घर मात्र आपले होईल.

ही समजूत कागदावर मांडून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. समजा, सदनिकेची किंमत ३० लाख रुपये आहे. त्यातील ६ लाख पदरचे आणि २४ लाख कर्जाचे. व्याज शेकडा ९ आणि मुदत वीस वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,६०० रुपये होतो. अशा सदनिकेला भाडे ८,००० रुपये आले, असे धरू. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहते, घरफाळा, रंगरंगोटी आणि इमारतीच्या देखभालीची वर्गणी मालकालाच सोसावी लागते. या खर्चाचे वर्षाला १२,००० रुपये वजा केले, तर हाती ७६,००० उरतात. हप्त्यांपोटी मात्र २ लाख ५९ हजार भरावे लागतात. म्हणजे दर वर्षी १ लाख ८३ हजार रुपयांचा खड्डा पगारातूनच भरून काढावयाचा. भाडेकरू हप्ते भरीत नाही. तो हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही भरीत नाही.

भाडे वाढत जाईल, हे उत्तर यावर तत्काळ दिले जाते. ते खरेही आहे. परंतु किती वाढेल? दर वर्षी शेकडा ५ या दराने, एकही वर्ष न चुकता ते वाढत राहिले, तरी वीस वर्षांनंतर ते २१,२०० रुपयांच्या आसपास पोचते. म्हणजे भाडे हप्त्याची बरोबरी करू लागेल, तोवर कर्जच संपलेले असेल. उलट, हप्ता स्थिर राहील याची हमी कोण देणार? मे २०२२ मध्ये शेकडा ४ असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. बदलत्या व्याजदराच्या कर्जाचे हप्ते किंवा मुदत त्याबरोबर वाढली. त्या नऊ महिन्यांत कोणत्या घरमालकाला भाडे त्याच प्रमाणात वाढवता आले?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये भाड्याने देण्यासाठी घरे घेणाऱ्यांना १९९६ पासून खास कर्जे मिळू लागली. तेथे सावकाराचा पहिला प्रश्न भाड्याविषयी असतो. भाडे हे व्याजाच्या निदान सव्वापट असावे, असा तेथील रूढ दंडक आहे, आणि २०१६ नंतर तर व्याजदर वाढल्यास काय होईल याचाही हिशेब करणे तेथील बँकांना भाग पडले. वरच्या उदाहरणात आरंभीचे मासिक व्याजच १८,००० रुपये आहे आणि भाडे आहे ८,०००. सव्वापट दूरच, ते निम्मेही नाही. या कसोटीवर हे कर्ज मंजूरच झाले नसते. आपल्याकडे ते मंजूर होते, कारण बँक भाडे पाहतच नाही. ती पगारपत्रक पाहते. कर्जाला नाव भाड्याचे असते, आधार मात्र नोकरीचा असतो.

भाड्याच्या उत्पन्नावर खरोखर आधारलेले कर्ज आपल्याकडे नाही असे नव्हे. एखाद्या बँकेच्या शाखेला वा मोठ्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने इमारत दिली, की येणाऱ्या भाड्याच्या तारणावर मालकाला कर्ज मिळते. भाडेकरू आपले भाडे परस्पर कर्जखात्यात जमा करतो आणि उरलेले मालकाला मिळते. ज्या कर्जाची फेड मुख्यतः मिळकतीच्या भाड्यातून होणार, ते व्यापारी स्थावर मालमत्तेचे कर्ज समजावे, असे रिझर्व्ह बँकेने २००९ साली बँकांना बजावले. अशा कर्जासाठी बँकेला अधिक सावधगिरी आणि अधिक भांडवल ठेवावे लागते, ते उगाच नव्हे.

हाच हिशेब मघाच्या सदनिकेला लावून पाहावा. ८,००० रुपये भाड्यातून खर्च आणि रिकाम्या महिन्यांसाठी शेकडा ३० बाजूला ठेवले, तर हप्त्यासाठी ५,६०० उरतात. शेकडा ९ व्याजाने आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने त्यातून साडेपाच लाखांचे कर्ज फिटते. तीस लाखांच्या घराला साडेपाच लाख! भाडे जे कर्ज पेलते ते इतकेच. त्यापुढचा प्रत्येक रुपया मुलांच्या शिक्षणातून, आजारपणाच्या तरतुदीतून आणि निवृत्तीच्या पुंजीतून येतो.

शिवाय उत्तम भाडेकरूही कायमचा नसतो. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. ज्या गावात दोन शाखा होत्या तेथे एक पुरे, असा विचार या विलीनीकरणाच्या पोटातच होता. ज्याने बँकेच्या भाड्याच्या भरवशावर मजला चढवला, त्याचा भाडेकरू दिल्लीतील निर्णयाने जाऊ शकतो. मोठ्या संस्थेची ही तऱ्हा, तर घरगुती भाडेकरूची कथा काय वर्णावी? त्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांच्या वचनावर वीस वर्षांचे देणे उभे करणे हा व्यवहार नव्हे.

या अकरा महिन्यांनाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी जखडली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला, आणि भाड्यासाठी घर बांधणे हा धंदाच लोकांनी सोडून दिला. प्रमाणभाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने करार लेखी असावा आणि तो नोंदवावा, ही जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी न केल्यास तो शिक्षेस पात्र ठरतो, आणि वाद उपस्थित झाल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. असे असताना तालुक्याच्या गावांतून तोंडी बोलीवर खोल्या देण्याची पद्धत चालूच आहे. ज्या उत्पन्नाचा कागद नाही, त्यावर कर्ज मागायचे तरी कोणत्या तोंडाने?

करसवलतीचा युक्तिवाद आता पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. भाड्याच्या घरावरील व्याजाचा तोटा पगारातून हवा तेवढा वजा करण्याची सोय २०१७ साली वर्षाला २ लाखांपुरती आखली गेली, आणि २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत तर तो पगारातून वजा करताच येत नाही. राहिला प्रश्न किंमत वाढण्याचा. घरांच्या किमती वाढतात, आणि हप्त्याच्या धाकाने का होईना बचत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याचा पगार हा भार निर्वेध सोसू शकतो त्याने तो जाणूनबुजून सोसावा. पण मग त्याला बचत म्हणावे, भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

शिरोळकरांना तर आणखी एक हिशेब करावा लागतो. नृसिंहवाडीच्या मंदिरात नदीचे पाणी शिरते तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला भाविकांची रीघ लागते. तेच पाणी भाड्याच्या खोलीत शिरले की भाडेकरू सामान उचलून जातो आणि हप्ता मात्र थांबत नाही. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. पहिली सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. परंतु २००५ ते २०२१ या सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या तालुक्याने केवळ या सरासरीवर विसंबून राहू नये. स्वस्त मिळणारा प्लॉट या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे कर्जाच्या अर्जाआधी पाहिले पाहिजे, आणि इमारतीच्या विम्यात पुराचा समावेश आहे की नाही, हेही.

तर मग भाड्यावर कर्ज काढूच नये काय? तसे नाही. भाडे कर्ज पेलू शकते, पण जेथे जमीन नव्याने विकत घ्यावी लागत नाही तेथे. पूररेषेबाहेर स्वतःचे घर आहे, रीतसर परवानगी घेऊन वर दोन खोल्या चढवल्या, त्यांना ८ लाख खर्च आला, असे समजू. निम्मे पैसे पदरचे घातले आणि ४ लाख दहा वर्षांच्या मुदतीने शेकडा ९ व्याजाने काढले, तर हप्ता ५,१०० च्या आत राहतो. दोन्ही खोल्यांचे मिळून ६,००० भाडे आले आणि वर्षातला एक महिना त्या रिकाम्या गेल्या, तरी ६६,००० रुपयांतून ६१,००० चा वार्षिक हप्ता भागतो. डागडुजीपुरते थोडेसे उरते. नफा मोठा नाही, पण येथे भाडेकरू खरोखर हप्ता भरतो आणि दहा वर्षांनी सारे भाडे घरात येते.

अशा खोल्यांची गरजही खरी आहे. जयसिंगपुरात शिकायला येणारा विद्यार्थी, बदलीवर आलेला शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, कारखान्यातील कामगार, या सर्वांना परवडणारी, उजेडाची, पाण्याची सोय असलेली खोली हवी असते. आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने शाहू महाराजांनी जयसिंगपूर वसवले, ते रुंद सरळ रस्त्यांची आखणी करून, बाहेरून येणाऱ्याला जागा मिळावी अशा बेताने. त्या गावात रिकाम्या सदनिका आणि जागेसाठी वणवण करणारे विद्यार्थी एकाच वेळी दिसावेत, हे शोभणारे नाही.

येथे सहकारी बँका आणि पतसंस्था यांना काम आहे. त्यांना सभासदाचे घर, गल्ली आणि पुराची पातळी ठाऊक असते. दूरच्या बँकेला ती कधीच कळणार नाही. त्यांनी भाड्यासाठी कर्ज देताना तीन कागद मागावेत: नोंदवलेला भाडेकरार, बांधकामाची परवानगी आणि पूररेषेचा दाखला. हप्ता भाड्याच्या सुमारे शेकडा ७० च्या आत राहावा आणि त्याहून मोठे कर्ज हवे असेल तर ते पगारावरचे कर्ज आहे, असे अर्जावर स्पष्ट लिहावे. खोल्या चढवण्याच्या लहान कर्जांत मात्र ही मर्यादा थोडी सैल करता येईल, कारण तेथे अर्धा भार मालकाने आधीच उचललेला असतो. जामीनदारालाही आपण कशाला जामीन राहतो आहोत हे मग कळेल. गावाकडे जामीनदार हा बहुधा शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो, आणि कर्ज थकले की पगारकपात त्याचीही होते.

भाडेकरूचे हित यातच आहे. ज्या मालकाचा हप्ता भाड्याहून तिप्पट आहे, तो अकरा महिने संपताच भाडे वाढवणार, अनामत अडवणार आणि गळके छप्पर दुरुस्त करण्याचे टाळणार. तो स्वभावाने वाईट असतो असे नाही, त्याच्या गळ्याशी फास असतो. भाडेकरूही कोणी परका नसतो. आजचा भाडेकरू शिक्षक हाच उद्या कर्ज काढून घर घेणारा मालक असतो. दोघांचाही संसार एकाच बेरीज-वजाबाकीवर उभा आहे. ती सही करण्यापूर्वी करावयाची आहे, आणि तिला एक पाटी-पेन्सिल पुरे.