काडीमोड

दिवाळीत माहेरी आलेल्या लेकीला आमच्या नागपुरात शेजारपाजारचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जावई नाही आले का वो?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या घरातली लेक कायमची परत आली आहे, त्या घरात हा प्रश्न कानांवर पडू नये म्हणून पाडव्याच्या दिवशी दार लोटून घेतलं जातं. माझ्या लहानपणी महालातल्या आमच्या वाड्यात अशी एक मावशी होती. साऱ्या वाड्याच्या करंज्यांना मुरड तीच घालायची, पण तिची पाडव्याची संध्याकाळ मागच्या पडवीत, अंधारात जायची. मोठी माणसं तिच्यासाठी एकच शब्द वापरत : टाकलेली. तिनेच नवऱ्याला सोडलं असेल, हे त्या शब्दात मावतच नव्हतं.

यंदाच्या अंकाचा विषय ठरवताना आम्ही म्हणूनच शब्दांपाशी थांबलो. 'घटस्फोट' हा मूळचा धर्मशास्त्रातला विधी. पतित ठरलेल्या माणसाच्या नावाने, तो जिवंत असतानाच, नातलगांनी पाण्याने भरलेला घट लवंडवायचा आणि त्याला आपल्यातून वजा करायचं. वकिलाच्या नोटिशीपासून बातमीच्या मथळ्यापर्यंत आपण जो शब्द सहज वापरतो, त्याच्या तळाशी हे वाळीत टाकणं आहे. 'काडीमोड' मात्र वेगळ्या अंगणातून आला. पंचांसमोर काडी मोडली की नातं संपलं. वऱ्हाडातल्या कितीतरी जातींत फारकत झालेल्या बाईचा मोहतूर लागत असे, ती पुन्हा संसाराला लागत असे. ते पंच पुरुषच होते आणि बाईचं म्हणणं तिथे शेवटी ऐकलं जाई, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्यांना खालचं मानलं गेलं त्यांच्यापाशी ही वाट होती आणि स्वतःला वरचं म्हणवणाऱ्यांच्या लेकींना ती नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीचा हा हक्क २९ व्या कलमात शाबूत ठेवला.

मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच केला होता. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. पण मागणी मात्र या शहराने त्याआधी केली होती. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका जमल्या होत्या. कामगार स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या ठरावांबरोबर तिथे आणखी एक ठराव झाला : नवऱ्यापासून कायद्याने वेगळं होण्याचा हक्क पत्नीला हवा. समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, असं ते त्या बायकांना सांगत होते. पुढे हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. दीक्षाभूमीचं शहर म्हणून आपण नागपूरचा अभिमान बाळगतो. त्या जुलैतल्या ठरावाचाही बाळगायला हवा.

नंतरचा कायदा हळूहळू सरकला. परस्पर संमतीने वेगळं होण्याची तरतूद १९७६ साली आली. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आणि त्यांच्यासोबत विवाह समुपदेशक आले. संमतीच्या अर्जानंतरची ६ महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. १ मे २०२३ रोजी घटनापीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं : पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडलेला विवाह सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या अधिकारात संपवू शकतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलमांत मात्र हे कारण अजून आलेलं नाही. त्याच वर्षी संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला.

मध्यस्थी आपल्याला नवी नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. दिवाणखान्यात मामा, काका, आत्या बसतात, चहा होतो आणि शेवटी मुलीला सांगितलं जातं, "थोडं सोसून घे." याला आपण बैठक म्हणतो. न्यायालयाने नेमलेल्या मध्यस्थाकडून परतलेल्या जोडप्यालाही आपण तेच विचारतो : "जमलं का?" जमलं म्हणजे पुन्हा एकत्र राहायला लागले का. मला हे माप मुळातच चुकीचं वाटतं. चांगला मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकट्याला बोलू देतो. तिथे बोललेलं न्यायाधीशांपुढे जात नाही. समझोता झाला की नाही एवढंच कळवलं जातं. स्त्रीधन, पोटगी, घराचे हप्ते, एकमेकांवरचे खटले, मुलांच्या शाळेची फी हे सगळं त्या टेबलावर येतं. यातून दोन माणसं शिव्याशाप न देता वेगळी झाली, तर ती मध्यस्थी पूर्ण यशस्वी झाली, असंच मी म्हणेन. आणि जिथे मारहाण आहे, भीती आहे, तिथे ते टेबल सपाट नसतं. तिथे समजुतीच्या नावाखाली बाईला परत पाठवणं हा अन्याय आहे.

पैशाच्या लपवालपवीचंही तसंच. पोटगीचं एक प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्नी आणि तान्ह्या मुलाच्या अंतरिम पोटगीचा २०१३ मधला अर्ज ७ वर्षं लोंबकळला होता. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने देशभरासाठी नियम घातला : दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर मांडायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. खरा आकडा समोर असला तरच बोलणी बरोबरीची होतात. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून घुसमटत राहिलेल्या बहिणींना एवढंच सांगते की विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

या अंकासाठी अनेकींनी आणि काही पुरुषांनीही स्वतःबद्दल लिहून पाठवलं. बहुतेकांनी नाव छापू नका म्हटलं, ते आम्ही पाळलं आहे. वेगळ्या झालेल्या आईबापांच्या करारात दिवाळीच्या सुट्टीची वाटणी असतेच : निम्मे दिवस इकडे, निम्मे तिकडे. एका जोडप्याने मध्यस्थापुढे बसून त्यात एक ओळ जास्तीची घालून घेतली. मुलाचा किल्ला आईच्या अंगणात होईल आणि दिवाळीआधीच्या दोन रविवारी बाबा मातीकामाला येतील. गेल्या वर्षी त्यांनी सिंहगड केला. यंदा मुलाला जंजिरा हवा आहे, आणि भोवती पाणी साठवायला खाली काय अंथरायचं यावर त्या दोघांचं फोनवर बोलणं चालू आहे.