राशन कार्ड हरवले म्हणून धान्य थांबते का?

राशन कार्ड हरवले की चिचगड परिसरातल्या घरात पहिला प्रश्न असतो तो या महिन्याच्या तांदळाचा. नवे कार्ड कधी मिळेल, हा प्रश्न नंतरचा. कार्ड पावसात भिजून लगदा झालेले असो, बाजाराच्या दिवशी पिशवीसकट चोरीला गेलेले असो, की झेरॉक्स काढायला दिले आणि परत घ्यायचे राहून गेलेले असो. कंट्रोलच्या दुकानात ‘आधी कार्ड आणा’ असे सांगितले तर बहुतेक लोक निमूटपणे घरी परततात. परतू नये. कार्ड हातात नाही, एवढ्या एका कारणावरून धान्य नाकारता येत नाही.

धान्याची नोंद आता कुठे असते?

पूर्वी ‘आधी कार्ड आणा’ या म्हणण्याला अर्थ होता. दुकानदार कार्डाच्या आतल्या पानांवर महिना, किलो आणि सही टाकत असे. किती उचलले याची घरापाशी असलेली नोंद तीच. कार्ड गेले की नोंदही गेली. आता दुकानात ई-पॉस यंत्र आहे. कुटुंबाचा बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक, घरातल्या माणसांची नावे आणि त्यांचे आधार क्रमांक संगणकात आहेत. घरातल्या कोणीही नोंदवलेल्या माणसाने अंगठा लावला, तो जुळला, की धान्य मिळते आणि पावती निघते. कार्डाचा कागद या व्यवहारात कुठेच लागत नाही.

हक्क कार्डातून आलेला नाही, कायद्यातून आलेला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. त्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे. घरात पाच माणसे असतील तर २५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे ते फुकटच राहणार आहे. ज्या घराचा धान एका पावसाळ्याच्या भरवशावर पिकतो आणि उरलेले वर्ष मोहफूल, तेंदूपाने आणि मजुरीवर निघते, त्या घरात २५ किलो म्हणजे काय, हे देवरी तालुक्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून कार्ड हरवल्यावर पहिली धाव कार्यालयाकडे नको, दुकानाकडे हवी. त्या महिन्याचे धान्य आधी उचलावे. महिना उलटून गेला की मागचे धान्य मिळवणे फार अवघड होऊन बसते.

क्रमांक पाठ नसेल तर?

तो क्वचितच कोणाला पाठ असतो. पण शोधायच्या जागा आहेत. मागच्या महिन्याची ई-पॉसची पावती सापडली तर तिच्यावर शिधापत्रिका क्रमांक छापलेला असतो. ती पावती आपण दुकानाच्या पायरीवरच फेकून देतो, ही सवय सोडायला हवी. दुसरी जागा म्हणजे मोबाईल. ‘मेरा राशन २.०’ या केंद्र सरकारच्या अॅपमध्ये आधार क्रमांक टाकला आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरला, की कुटुंबाचे डिजिटल कार्ड समोर येते. राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावरून क्यूआर कोड असलेली ई-शिधापत्रिकाही काढता येते. यातले काहीच जमले नाही तरी दुकानदाराच्या यंत्रात आधार क्रमांकावरून कुटुंब शोधता येते. आणि दुकानाच्या लाभार्थ्यांची यादी हे काही गुपित नाही. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवाव्यात, असे कायद्याचे कलम २७ सांगते.

हे वाचणाऱ्याच्या हातात स्मार्टफोन आहे. पण कार्ड ज्या बाईच्या नावावर आहे तिच्याकडे तो असेलच असे नाही. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा असतो, किंवा मुलाचा असतो आणि मुलगा नागपूरला असतो. ‘सगळे ऑनलाइन झाले आहे’ असे सांगून विभागाला हात झटकता येणार नाहीत, ते यासाठी. ज्याच्याकडे फोन आहे त्याने आज घरातल्या आणि शेजारच्या कार्डांचे, पहिल्या आणि शेवटच्या पानासकट, फोटो काढून ठेवले तरी पुढची अर्धी पायपीट वाचेल.

मग नवा कागद हवाच कशाला?

इथे सरकारचीच गंमत आहे. केंद्राच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिले आहे की शिधापत्रिका ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरायची नाही. प्रत्यक्षात ती मागितली जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर रुग्णालयात आधी शिधापत्रिका विचारतात. उत्पन्नाचा दाखला, मुलाची शाळा, घरकुलाचा अर्ज, सगळीकडे तिची झेरॉक्स जोडावी लागते. धान्यासाठी ज्या कागदाची गरज उरली नाही, तो बाकी सगळ्यासाठी लागतो. त्यामुळे दुय्यम शिधापत्रिका काढून घेणे भाग आहे.

त्यासाठीचा अर्ज नमुना १५ मध्ये करायचा असतो. तो तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जातो. चिचगडकरांसाठी म्हणजे देवरीला. कार्ड हरवले किंवा चोरीला गेले असेल तर पोलिसांकडची नोंद मागितली जाते. चिचगडला पोलीस ठाणे गावातच आहे, तेवढी एक चक्कर तरी वाचते. कार्ड फाटले, भिजले, वाळवीने खाल्ले असेल तर पोलिसांकडे जायचे कारण नाही. उरलेले तुकडे अर्जासोबत द्यावेत. सोबत घरातल्यांच्या आधारच्या प्रती आणि दुकान क्रमांक असला की अर्ज पुढे सरकायला हरकत नसते.

प्रतिज्ञापत्र मागितले तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्याने २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ केले आहे. साधा कागद चालतो. तरी तहसीलच्या आवारात मुद्रांक विकत घ्यायला लावणारे भेटतातच. ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक शंभरावरून पाचशे रुपयांवर गेला, त्यानंतर ही चूक आणखी महाग पडते. दुय्यम कार्डाचे सरकारी शुल्क किरकोळ आहे. त्याची पावती मागावी, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

अर्ज देताना पोच आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार सेवेची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे. मुदत उलटली, किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण ज्याच्याकडे अर्जाचा क्रमांकच नाही, त्याचा अर्ज या कायद्याच्या लेखी अस्तित्वात नसतो. ‘ठेवून जा, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात घातक आहे.

चक्कर कोणाची पडते?

कायद्याच्या कलम १३ नुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख असते. तरतूद चांगली आहे. तिचा परिणाम मात्र असा की अर्ज, सही, अंगठा यासाठी देवरीला जावे लागते ते तिलाच. छत्तीसगडच्या सीमेकडच्या ककोडी, मिसपिर्री भागातल्या बाईने रोवणीच्या दिवसांत हे करायचे म्हणजे एका चकरेत त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर भाडे. साहेब बैठकीला गेलेले असले तर तेच पुन्हा. फुकट धान्याचे मोल असे हळूहळू वसूल होते.

यावर उपाय अवघड नाही. महिन्यातून एक दिवस पुरवठा निरीक्षकाने चिचगडला बसावे, अर्ज घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात त्याच दिवशी कार्डे वाटावीत. कुटुंबाची सगळी माहिती विभागाकडे आधीच आहे, दुकानदार दर महिन्याला त्याच कुटुंबाचा अंगठा घेतो. हरवलेला आहे तो फक्त छापील कागद. तो पुन्हा छापून द्यायला माणसाने आपली ओळख पुन्हा पहिल्यापासून का सिद्ध करायची?

कार्ड आहे, नाव नाही

कार्ड हरवण्यापेक्षा मोठे संकट याच्या उलट आहे. कार्ड पेटीत जपून ठेवलेले असते आणि यंत्र सांगते, नाव सापडत नाही. आधार जोडलेले नाही, ई-केवायसी झालेली नाही, म्हाताऱ्या माणसाच्या बोटाचे ठसे झिजले आहेत, अशी कारणे निघतात. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात कार्ड रद्द झाल्यामुळे कुटुंबाचे धान्य थांबले आणि अकरा वर्षांची मुलगी गेली. ती भुकेने गेल्याचे आईने सांगितले, प्रशासनाने ते नाकारले. कार्ड रद्द झाले होते, यावर मात्र वाद नव्हता.

यात दुय्यम कार्डाचा अर्ज उपयोगाचा नाही. नाव का आणि केव्हा कमी झाले, हे लेखी विचारावे लागते. बोट जुळत नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचे बोट, मोबाईलवरचा ओटीपी किंवा डोळ्यांची तपासणी हे मार्ग आहेत. तक्रार ऐकण्यासाठी कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्यावर राज्य अन्न आयोग. हक्काचे धान्य दिले गेले नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. हा भत्ता मागणारे फार थोडे, कारण तो आहे हे सांगणारेच थोडे.

बाहेरगावी असलेल्यांनी काय करावे?

कामासाठी नागपूर, हैदराबाद किंवा पलीकडे राजनांदगावला गेलेल्यांना कार्ड गावी राहिले तरी अडचण नाही. ‘एक देश एक राशन कार्ड’ व्यवस्थेत छत्तीसगड फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि त्याच वर्षी जूनपर्यंत सगळी राज्ये आली. कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार सांगून, अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. उरलेला वाटा घरचे लोक गावात उचलू शकतात. यासाठी मदत क्रमांक १४४४५ आहे.

कार्ड दुकानदाराकडेच ‘सुरक्षित’ ठेवलेले असेल तर ते आज परत घ्यावे. धान्य दिल्यानंतर कार्ड स्वतःकडे ठेवून घेण्याचा त्याला अधिकार नाही. ‘तुमचे राशन बंद होणार, लगेच केवायसी करा’ असा दुवा व्हॉट्सअॅपवर आला तर तो उघडू नये आणि कोणाला ओटीपी सांगू नये. ई-केवायसी कंट्रोलच्या दुकानात विनाशुल्क होते. आणि दुकानदाराने कार्ड नाही म्हणून परत पाठवलेच, तर तिथेच उभे राहून १९६७ हा टोल फ्री क्रमांक लावावा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.