कडा पुसून जमलेली एकी

सण कोणताही असो, आमच्या माझगावात एक ठरलेला बॅनर लागतोच. एका बाजूला मशिदीचा घुमट, दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस, मागे चर्चचा क्रूस. तिन्ही धुक्यासारखे एकमेकांत विरलेले. खाली दहा शुभेच्छुकांचे चेहरे. एकता दाखवायची म्हटली की आपल्याला हेच चित्र सुचतं. मला ते खटकतं. का, ते कळायला असं चित्र बनतं कसं हे आधी पाहू.

फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेअर आले, तेव्हापासून हे काम सोपं झालं. दोन फोटो एकावर एक ठेवायचे. वरच्याला मास्क लावायचा आणि त्यावर काळ्याकडून पांढऱ्याकडे ग्रेडियंट ओढायचा. मास्क पांढरा असेल तिथे वरचा फोटो पूर्ण दिसतो, काळा असेल तिथे लपतो, मधल्या करड्या पट्ट्यात अर्धवट दिसतो. जोड कुठे आहे ते कळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये हे छान शोभतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मास्क वरच्या फोटोला लागतो, खालचा जसाच्या तसा राहतो. कोणी विरायचं, हे माऊस हातात असलेला ठरवतो.

"तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो, किती छान मराठी बोलता!" हे कौतुक मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी तो मास्कच आहे: मराठीपण दिसावं म्हणून मुसलमानपण फिकं करायचं. आपल्यातही याची दुसरी बाजू आहे. घरात मराठी बोलणारा काहींना कच्चा मुसलमान वाटतो. हिशेब दोन्हीकडे तोच, एक वाढलं की दुसरं घटलं.

शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. त्यांचं मराठीपण कोणत्या टक्क्यांत मोजणार?

माझगावच बघा. हसनाबादेत पहिल्या आगाखानांचा मकबरा आहे. नवाब टँक रोडकडे चिनी लोकांचं १९१९ सालचं देऊळ आहे. म्हातारपाखाडी ख्रिस्ती वस्ती, तिथले काका बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी होते. टिळकांबरोबर काम करायला त्यांना आपला धर्म फिका करावा लागला नाही. इथे प्रत्येकाची भिंत वेगळी दिसते, आणि भिंत आहे म्हणूनच शेजार आहे.

बॅनर बनवणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं: पुढच्या सणाला तिन्ही फोटो शेजारी शेजारी, आपापल्या चौकटीत लावा. काही विरवायचंच असेल, तर खाली दहा शुभेच्छुक आहेतच.