पडद्यावरील गोष्टी : विजयानंतरची कहाणी

राजपुत्र राक्षसाला मारतो, राज्यांत गुढ्यातोरणें उभीं राहतात आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते, असा अद्भुत कथांचा सर्व देशांत रिवाज आहे. या महिन्यांत जिच्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, ती जपानी चित्रमालिका मात्र या समाप्तीपासूनच सुरू होते. तिच्या नायिकेचें नांव फ्रीरेन, आणि त्याच नांवानें ती सर्वत्र ओळखली जाते. कानेहितो यामादा यांनीं लिहिलेली व त्सुकासा आबे यांनीं रेखाटलेली ही कथा एप्रिल २०२० पासून ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकांत क्रमशः येऊं लागली. पुढें ‘मॅडहाउस’ या चित्रसंस्थेनें केइइचिरो साइतो यांच्या दिग्दर्शनाखालीं तिला हलत्या चित्रांचें रूप दिलें. तिच्या पहिल्या पर्वाचे २८ भाग २९ सप्टेंबर २०२३ ते २२ मार्च २०२४ या अवधींत जपानच्या दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आले. तेथून ती देशोदेशीं पसरली व आपल्याकडील तरुण मंडळींतही तिचे चाहते निर्माण झाले. तिच्यावरून प्रेक्षकांत जे तट पडले आहेत, त्यांचा विचार येथें करावयाचा आहे.

कथानक थोडक्यांत असें : शूर हिमेल, धर्मोपदेशक हायटर, बुटक्या जातीचा बळकट योद्धा आयझेन आणि मंत्रविद्येंत निपुण अशी फ्रीरेन हीं चौघें दहा वर्षें प्रवास करून राक्षसराजाचा नाश करतात व राजधानीस परत येतात. त्या रात्रीं आकाशांत उल्कांचा वर्षाव होतो. तो पन्नास वर्षांनीं एकदां होणारा. पुढच्या खेपेस याहून चांगल्या ठिकाणाहून तो तुम्हांला दाखवीन, असें फ्रीरेन सहज बोलून जाते. ती ‘एल्फ’ नांवाच्या दीर्घायुषी जातीची. हजारांहून अधिक वर्षें जगलेल्या तिला पन्नास वर्षें म्हणजे जणूं पुढचा आठवडा. ठरल्याप्रमाणें ती येते, तेव्हां हिमेल टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा झालेला असतो. चौघें मिळून उल्का पाहतात, आणि त्यानंतर हिमेल मरण पावतो. अंत्यविधीच्या वेळीं फ्रीरेनला एकाएकीं रडूं कोसळतें. दहा वर्षें एकत्र काढूनही या माणसाची आपण कधीं नीट ओळख करून घेतली नाहीं, हें तिला तेव्हां उमगतें. पुढें फेर्न ही पोरकी मुलगी शिष्या म्हणून व स्टार्क हा आयझेनचा शिष्य सोबती म्हणून तिला मिळतो. आणि मृतांचे आत्मे जेथें विसांवतात असें सांगतात, त्या उत्तरेकडील स्थळीं हिमेलशीं एकदां बोलतां यावें, म्हणून ती जुन्याच वाटेनें पुन्हां निघते.

या मालिकेवर सर्वांत मोठा आक्षेप आहे तो तिच्या संथपणाचा. पुष्कळांचें म्हणणें असें कीं, साहसकथा म्हणून पाहावयास बसावें, तर भागामागून भाग कोणी फुलें शोधीत आहे, कोणी मूर्ति घासून स्वच्छ करीत आहे, कोणी पहाटेचा सूर्योदय पाहण्यासाठीं उठत आहे, एवढेंच दिसतें. उलट पक्ष म्हणतो कीं, तिचें सारें मर्म याच गोष्टींत आहे. आमच्या मतें हा दुसरा पक्ष बरोबर आहे. मात्र त्याचें कारण नीट सांगितलें पाहिजे. हिमेलच्या पुतळ्याभोंवतीं लावण्यासाठीं त्याच्या गांवचें एक निळें फूल फ्रीरेन महिनेच्या महिने शोधीत राहते. फेर्नला हा हट्ट कळत नाहीं. वेळ फुकट चालला असें तिला वाटतें. प्रेक्षकांनाही तसेंच वाटतें, आणि तें वाटावें अशीच योजना आहे. ज्यानें जिवंतपणीं सांगितलेलें कानाआड केलें, त्याला पुढें तेंच किती खर्च करून मिळवावें लागतें, हें दोन वाक्यांत सांगून पटलें नसतें. पडद्यावर कालगणनाही ‘हिमेलच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनीं’ अशीच येते.

काळाचा दुसरा पैलूही यांत फार चांगला दाखविला आहे. क्वाल नांवाच्या राक्षसानें शोधलेला एक प्राणघातक मंत्र कोणालाच आंवरेना, म्हणून त्याला बंदिस्त करून ठेवावें लागलें होतें. ऐंशी वर्षांनीं तो सुटतो व मोठ्या अभिमानानें तोच मंत्र टाकतो. पण मध्यंतरीं माणसांनीं त्या मंत्राचा इतका अभ्यास केलेला असतो कीं, तो आतां नवशिक्यांच्याही पाठांतला झालेला आहे! फेर्न तो सहज परतविते. अल्पायुषी माणूस एकटा थोडें करतो. परंतु तो पुढच्याला शिकवून जातो. हा विचार एवढ्या रंजक रीतीनें मांडलेला क्वचितच आढळतो.

दुसरा आक्षेप नायिकेच्या थंडपणावर आहे. तिच्या चेहऱ्यावर हर्ष नाहीं, खेद नाहीं. अशा पात्रावर जीव कसा जडावा, असें कित्येक विचारतात. जर्मन भाषेंत तिच्या नांवाचा अर्थच ‘थंडीनें गारठणें’ असा आहे, तेव्हां हा थंडपणा लेखकानें जाणूनबुजून योजिलेला आहे. गंमत अशी कीं, हिमेलच्या अंत्यविधीस जमलेले लोकही तिला हाच दोष देतात, आणि पुढच्याच क्षणीं तिचा बांध फुटतो. हिमेलनें एकदां तिला आंगठी दिली. तिच्यावरील कमळाच्या नक्षीचा अर्थ ‘चिरंतन प्रेम’ असा होतो. पण नक्षी निवडतांना तिला तो ठाऊक नव्हता, आणि हिमेलनेंही सांगितला नाहीं. ही प्रेमकथा आहे कीं नाहीं, यावर प्रेक्षक अजून भांडतात. आमच्या मतें ती न बोलल्या गेलेल्या गोष्टीची कथा आहे, आणि तशा कथा प्रत्येक घरीं एखादी तरी असते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, व त्यांत आम्हांस तथ्य वाटतें. या कथेंतील राक्षस माणसासारखे दिसतात, गोड बोलतात. परंतु त्यांची भाषा केवळ फसविण्यासाठीं असते. सातव्या भागांत एक राक्षस-बालिका मरणाच्या भयानें ‘आई’ म्हणून हांक मारते. गांवचा मुख्य दयेनें तिला घरीं ठेवून घेतो, आणि ती त्याचाच घात करते. ‘आई’ कां म्हणालीस असें विचारतां, हा शब्द उच्चारला म्हणजे तुम्ही मारीत नाहीं, असें उत्तर मिळतें. प्रसंग अंगावर कांटा आणणारा आहे. परंतु एक सबंध जात जन्मतःच दुष्ट, तिचे अश्रूही खोटे, ही शिकवण मुलांच्या मनांत कशी उतरेल? माणसांनीं माणसांविषयींही असें म्हणून घोर अत्याचार केलेले आहेत. राक्षस म्हणजे येथें हिंस्र श्वापद समजावें, असें समर्थक सांगतात. पण श्वापद बोलत नाहीं. आपल्या पुराणांनीं दैत्यकुळांत प्रल्हाद व राक्षसकुळांत बिभीषण जन्मास घातला, ही उदारता या मालिकेंत नाहीं.

अठराव्या भागापासून सुरू होणारी मांत्रिकांची परीक्षाही अनेकांस रुचली नाहीं. नवीं पात्रें फार, लढाया फार, आणि मूळ प्रवास खोळंबलेला. ही तक्रार बव्हंशीं खरी आहे. तथापि तिच्या शेवटीं एक गोड गोष्ट आहे. सर्वांत आवडता मंत्र कोणता, असें विचारतां फ्रीरेन फुलांचा ताटवा निर्माण करणारा मंत्र सांगते, आणि अशा निरुपयोगी आवडीपायीं नापास होते! लहानपणीं रानांत चुकलेल्या हिमेलला तिनें हाच मंत्र दाखविला होता, आणि त्याच्याच आठवणीनें पुढें त्यानें तिला सोबतीस घेतलें होतें.

घरीं ही मालिका कोणीं पाहावी? कांहीं प्रसंगीं रक्तपात आहे. औरा या राक्षसिणीचा अंत तर फारच भयंकर आहे. म्हणून बारा वर्षांखालील मुलांना ती एकट्यानें पाहूं देऊं नये. जपानांत पहिले चार भाग एकत्र करून, एरवीं चित्रपट दाखवितात त्या शुक्रवार रात्रीच्या वेळीं दाखविले गेले. आपणही घरच्या मंडळींनीं मिळून निदान हे चार भाग पाहावेत. वडील मंडळींनीं ‘हीं पोरांचीं चित्रें’ म्हणून उठून जाऊं नये.

तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात, एका पंक्तीस जेवतात, म्हणून त्यांची परस्परांशीं ओळख असतेच असें नाहीं. फ्रीरेन आणि हिमेल दहा वर्षें एका शेकोटीशीं बसलीं होतीं. आजीचें माहेर कसें होतें, आजोबांना शिकावयाचें काय होतें आणि करावें काय लागलें, थोरल्या काकूंना कोणतें गाणें येत असे, हें घरांतील किती मुलांना सांगतां येईल? फ्रीरेनला तिच्या प्रश्नांसाठीं मृतांचा देश गांठावा लागतो. आपल्याला अजून माजघरापर्यंत गेलें तरी पुरतें. मालिका पाहून झाल्यावर मुलांनीं त्या रात्रीं एवढें केलें, तर तिचा संथपणा कोणालाही जड वाटणार नाहीं.