आधी दावा नोंदवा, फीचं मग बघू

आदिलाबाद जिल्ह्यात बेला मंडलातल्या एका बाईचा वाटणीचा दावा सध्या माझ्याकडे आहे. वडील गेले, कापसाचं रान भावांनी आपल्या पासबुकावर चढवून घेतलं, आता बहिणीला धुऱ्यावरही उभं राहू देत नाहीत. कोर्ट फीचा आकडा ऐकून ती म्हणाली, "साहेब, जमीन त्यांच्या ताब्यात, कापूस त्यांच्या घरात, अन् फी म्या भरायची?"

हो, तिनंच. ताबा सामाईक असेल, तर तेलंगणाच्या कोर्ट फी कायद्यात वाटणीच्या दाव्याला ठरावीक फी आहे. ताबा गेला असेल, तर आपल्या हिश्शाच्या बाजारभावाच्या पाऊणपटीवर ती मोजायची. शेतातून हुसकून लावलेलीला जास्त भुर्दंड!

यावर उतारा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 33 मध्ये आहे. ऐपत नसेल तर फी न भरता दावा लावता येतो. पण आधी ऐपतीची चौकशी होते आणि त्यासाठी सरकारी वकिलाबरोबर प्रतिवादीलाही नोटीस जाते. प्रतिवादी म्हणजे तेच भाऊ. उलटतपासणीत त्यांचा वकील विचारतो, गळ्यातलं किती ग्रॅमचं? गोठ्यातली जोडी कुणाची? खरं तर धार्मिक रूढीनं बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने आणि शेतकऱ्याची लागणारी औतं-जनावरं त्याच संहितेच्या कलम 60 खाली जप्त होत नाहीत, आणि जे जप्त होत नाही ते ऐपतीत धरायचं नसतं. तरी तारखांवर तारखा पडतात. मूळ दाव्याला तोवर नंबरही नसतो.

अशी अडवणूक सरकारनंही केली आहे. हरियाणात सरकारी बसखाली कर्ता माणूस गेला. त्याच्या बायको-मुलीला फीमाफी मिळाली, तर त्या माफीविरुद्ध खुद्द राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1979 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या सरकारची चांगलीच कानउघाडणी केली.

खोटे गरीब घुसतील, ही भीती मला पटत नाही. फी बुडत नाही, निकालानंतर वसूल होते. दावा जिंकला तर त्या मालमत्तेवर पहिला बोजा सरकारचाच असतो. लबाडी उघडी पडली तर परवानगी काढून घेता येते.

हद्दीपलीकडे महाराष्ट्रानं 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेनं पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बायकांची कोर्ट फी माफ केली. किनवट 1956 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. आज दोन सख्ख्या चुलत बहिणी, एकीचं रान किनवटला, दुसरीचं बेल्यात. जमिनीचा दावा जमीन असेल तिथंच लावावा लागतो, म्हणून पहिलीला माफी आणि दुसरीला चौकशी. बेल्यातली लेक किनवटला नांदत असली तरी सुटका नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाच्या मदतीत कोर्ट फीही बसते. आमच्याकडे लोकांना मात्र एवढंच ठाऊक, की तिथं फुकट वकील मिळतो. माझं म्हणणं असं: त्या बाईचं शपथपत्र आणि प्राधिकरणाचं पत्र जोडलेलं असेल तर दावा त्याच दिवशी नोंदवावा. भावांना तिची ऐपत काढायचीच असेल, तर दावा चालता चालता काढू द्या. आणि फी माफ करायचा अधिकार हैदराबादच्या सरकारलाही त्याच कोर्ट फी कायद्यानं दिलेला आहे. मुंबईनं 1994 साली काढली तशी अधिसूचना त्यांनीही काढावी.