अ‍ॅडवेअर जात नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ अशी खिडकी उघडते, सर्च केलं की भलतीच साइट येते. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. माझ्या मते बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. फोटो आणि फाइल्स धोक्यात येतात आणि अ‍ॅडवेअर एक्स्टेन्शनच्या रूपात असेल, तर क्रोममध्ये पुन्हा साइन-इन करताच सिंकमधून ते परतही येऊ शकतं.

कोपऱ्यातली खिडकी तर अनेकदा व्हायरस नसतेच. फुकट मॅच पाहताना ‘तुम्ही रोबो नाही ना? मग अलाउ दाबा’ असं सांगून एखाद्या साइटने नोटिफिकेशनची परवानगी घेतलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट काढून टाका. दोन मिनिटांचं काम.

चिवट प्रकार वेगळा. एक्स्टेन्शनला ‘रिमूव्ह’चं बटणच नसतं, किंवा काढलं तरी ते परत येतं. अशा वेळी क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी पाहा. घरच्या कॉम्प्युटरवर ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ दिसलं, तर संशय घ्या. कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या मशिनवर एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं म्हणून ही सोय आहे. अ‍ॅडवेअर विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करून तीच वापरतं. (काही अँटिव्हायरसमुळेही ही ओळ दिसते आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असणारच.)

आधी सिंक बंद करा. मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी प्रोग्राम काढा. टास्क शेड्युलरही बघा, कारण काढलेलं अ‍ॅडवेअर पुन्हा आणणारं काम अनेकदा तिथे लावलेलं असतं. त्यानंतर मालवेअरबाइट्सचं मोफत अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा, पण ते त्यांच्याच साइटवरून घ्या. शेवटी ब्राउझर रिसेट. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

‘कशाला क्लिक केलंस?’ हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न मात्र मला अन्यायाचा वाटतो. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश हे अ‍ॅडवेअर कंपनीकडूनच आलं होतं. प्रोग्राम काढला तरी त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र विंडोजमध्ये मागे राहायचं. तिथे ग्राहकाने कुठे काय दाबलं होतं?

व्हायरसची खोटी भीती घालून नकली क्लीनर विकणं, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न्स’पैकी एक आहे. नियम कागदावर आहे, पण अशा खिडक्या रोज उघडतातच. तक्रारी वाढल्याशिवाय यंत्रणा हलेल असं मला वाटत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खिडकीतल्या ‘सपोर्ट’ नंबरवर फोन करून पैसे गेले असतील, तर लगेच १९३०.